एकशे त्रेचाळीस टूल्स आणि एक बागू

खरं सांगू? माणसाला स्वतःचा अभिमान वाटायला फार काही लागत नाही. मला एक एक्सेल शीट पुरली होती. तिचं नाव ‘एआय टूल्स फायनल फायनल ३’. एकूण एकशे त्रेचाळीस रो. प्रत्येक टूलचं नाव, ते काय करतं, फुकट की पैसे, आणि माझं रेटिंग, पाचपैकी तारे. हिरव्या रंगात ‘मस्ट ट्राय’, पिवळ्यात ‘ओके ओके’, लाल म्हणजे ‘फालतू’. ऑफिसात मला सगळे ‘एआयवाली’ म्हणायचे. मी वरवर ‘काय रे...’ म्हणायचे, पण आतून जाम खूश!

सुरुवात झाली ३० नोव्हेंबर २०२२ नंतर. त्या दिवशी चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आमच्या कॅन्टीनमधला गप्पांचा विषयच बदलला. आमची कंपनी मार्केट रिसर्चवाली. बाणेरला ऑफिस, पस्तीसेक माणसं. काम काय, तर गावोगाव लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तरं गोळा करायची, आणि क्लायंटला रंगीत स्लाइड्समधून सांगायचं की तुमचा कुकर, तुमचं तेल, तुमची मोपेड लोकांना का आवडते किंवा का नाही. म्हणजे रोजचं काम शब्दांचंच. आणि हे नवं प्रकरण शब्दांशीच खेळणारं. तुम्हीच सांगा, टेन्शन येणार की नाही?

मी टेन्शनवर माझ्या पद्धतीनं उपाय काढला. जे येतंय ते सगळं आपल्याला आधी माहीत असलं पाहिजे! मग दर शुक्रवारी संध्याकाळी चार वाजता अख्ख्या ऑफिसला माझा मेल जायचा, ‘या आठवड्याची पाच टूल्स’. पहिल्या मेलला बॉसचा रिप्लाय आला, ‘सुपर!’ बस. त्या एका शब्दावर मी दोन वर्षं काढली.

शोधू किती, पळू किती...

शोधायची ठिकाणं तुम्हालाही माहीत असतील. सकाळी चहाबरोबर प्रॉडक्ट हंट. ही साइट २०१३पासून आहे, रोज नवी प्रॉडक्ट्स आणि त्यांना लोकांची मतं. मग ‘देअर्स ॲन एआय फॉर दॅट’सारख्या डिरेक्टऱ्या, जिथं कामाचं नाव टाकलं की टूल्सची रांग उभी राहते. दुपारी कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेली लिंक. रात्री अंथरुणात रील्स. ‘ही सात टूल्स माहीत नसतील तर तुमची नोकरी गेलीच समजा!’ असं एक पोरगं कॅमेऱ्यात बोट दाखवून सांगायचं आणि मी अंधारात उठून लॅपटॉप उघडायचे. नवरा कूस बदलून म्हणायचा, ‘अगं, झोप. उद्या सकाळपर्यंत नोकरी राहील.’

गंमत म्हणजे शीट पूर्ण कधी व्हायचीच नाही. नावंच टिकत नव्हती हो! गूगलचं बार्ड फेब्रुवारी २०२३मध्ये जाहीर झालं आणि फेब्रुवारी २०२४मध्ये त्याचं जेमिनी झालं. बिंग चॅट नोव्हेंबर २०२३मध्ये कोपायलट झालं. चॅटजीपीटीचे प्लगइन्स मार्च २०२३मध्ये आले. मी त्यांच्यासाठी वेगळा टॅब केला, त्याला निळा रंग दिला, आणि एप्रिल २०२४मध्ये ते गुंडाळलेसुद्धा. छातीवर लावायची ह्यूमेन कंपनीची एआय पिन ६९९ डॉलरला एप्रिल २०२४मध्ये बाजारात आली आणि फेब्रुवारी २०२५च्या शेवटी बंदही पडली. वर्षसुद्धा झालं नाही. मी तिला चार तारे दिले होते. न वापरता!

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या एकशे त्रेचाळीसमधली कितीतरी टूल्स आतून एकच होती. ओपनएआय, गूगल, अँथ्रॉपिक अशा मोजक्या कंपन्यांची मॉडेल्स भाड्यानं घ्यायची आणि वरून नवा रंग, नवं नाव लावायचं. एकाच किचनमधून चार नावांनी डबे जातात ना, तसं. मी मात्र चारही डब्यांची चव वेगवेगळी लिहून ठेवत होते.

काका

आमच्या ऑफिसात एक काका आहेत. सगळे त्यांना काकाच म्हणतात, बॉससुद्धा. तेव्हा वय छप्पन्न. काम कोडिंगचं. हे कोडिंग म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे हं. सर्व्हेत लोक स्वतःच्या शब्दांत जी उत्तरं देतात, ती वाचून त्यांचे गट पाडायचे : ‘किंमत’, ‘टिकाऊपणा’, ‘तक्रार’, ‘कौतुक’. हजार उत्तरं असली तर काका हजार वाचायचे. चष्मा कपाळावर, शेजारी स्टीलचा डबा आणि एक लाल कापडी बाइंडिंगची जाडजूड वही.

माझा शुक्रवारचा मेल काका प्रिंट काढून वाचायचे. मला हसू यायचं. एकदा म्हणाले, ‘अगं, छान आहे यादी. पण यातलं आपल्या कुठल्या कामाला कुठलं, ते कुठं लिहिलंयस?’

‘काका, ते ज्यानं त्यानं ठरवायचं ना!’ मी म्हटलं. मला वाटलं, काकांना फंडाच कळला नाही.

हा बागू कोण?

२०२४च्या दिवाळीनंतर मी मीटिंगच्या नोट्स घेणारं एक टूल लावलं. नाव कशाला, अशी पुष्कळ आहेत. आपलं कॅलेंडर त्याला जोडायचं. मग मीटिंग सुरू झाली की त्याचा बॉट आपोआप हजर. सगळं ऐकतो, लिहून काढतो, आणि मीटिंग संपली की सारांश आणि कामांची यादी सगळ्यांना मेल करतो. कुणी काय करायचं, कधीपर्यंत करायचं, सगळं तय्यार! मी पाचपैकी पाच तारे दिले.

फक्त आमची भाषा त्याला झेपायची नाही. आम्ही बोलतो कसं? ‘अरे तो डेटा क्लीन करून शेअर कर ना, मग बघू.’ या शेवटच्या शब्दानं त्या बिचाऱ्याचा घोळ झाला. पहिल्याच आठवड्यात कामांच्या यादीत एक नवा माणूस दिसायला लागला, ‘बागू’. क्लायंटला फोन करणं : बागू. बजेट वाढवून घेणं : बागू. एसी दुरुस्ती : बागू. मराठी ऑफिसात ज्या कामाला कुणी हात लावणार नसतं त्याला आपण ‘बघू’ म्हणतो, आणि बॉटनं ती सगळी कामं इमानदारीनं बागूच्या नावावर चढवली. महिन्याभरात बागू हा आमचा सगळ्यात बिझी कर्मचारी झाला. आम्ही त्याच्यासाठी केक आणायच्या गप्पा मारायचो.

मग २०२५चा फेब्रुवारी आला. जगभर डीपसीकचा धुमाकूळ चाललेला, रोज नवी बातमी, माझी शीट दिवसातून दोनदा अपडेट. एका गुरुवारी संध्याकाळी ऑनलाइन मीटिंग होती. चारच माणसं : बॉस, मुंबई ऑफिसचे सर, काका आणि मी. काकांचा भाग संपला, ते बाहेर पडले. साडेपाचला मीही पडले, बाणेर रोडचं ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे. बॉट मात्र बाहेर पडला नाही. शेवटचा माणूस जाईपर्यंत तो बसून राहतो, सेटिंगच तशी होती. मी कधी उघडून बघितली नव्हती.

सिग्नलला फोन वाजला. सारांशाचा मेल. नेहमीसारखा वरवर चाळला, आणि शेवटच्या ओळीशी थांबले. ‘कोडिंगचे काम शुक्रवारच्या यादीतील टूलकडे देणे, काकांना मोकळे करणे. मुदत : ३१ मार्च. जबाबदारी : बागू.’

मागचे हॉर्न वाजवत होते. मला गिअर टाकता येईना.

त्या दोघांचं बोलणं पूर्ण होतं मेलमध्ये, अकरा मिनिटांचं. मुंबईचे सर म्हणतात, ती मुलगी दर शुक्रवारी एवढी टूल्स पाठवते, त्यातलं एखादं लावलं तर काकांचा पगार वाचेल. बॉस म्हणतो, बघू. आणि मेल कुणाकुणाला गेला होता? मीटिंगला बोलावलेल्या सगळ्यांना. म्हणजे चौघांना. म्हणजे काकांनाही.

रात्रभर झोप लागली नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘तू थोडंच म्हणालीस काढा म्हणून?’ खरंय. मी कुठं म्हणाले? मी फक्त दोन वर्षं, दर शुक्रवारी, चार वाजता, अख्ख्या ऑफिसला सांगत होते की हे काम फुकटात होतं, ते काम दोन मिनिटांत होतं. कुणाचं काम, ते माझ्या शीटमध्ये नव्हतं. तो कॉलमच नव्हता.

रविवारची झाडलोट

दुसऱ्या दिवशी काका नेहमीच्या वेळी आले. डबा ठेवला, चष्मा पुसला. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले, तोंडातून शब्द फुटेना.

‘बस,’ ते म्हणाले. ‘अगं, मला निदान तारीख तरी कळली. एरवी तीसला संध्याकाळी कळली असती.’

मला रडूच आलं. काकांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाले, ‘ते राहू दे. आधी हे बघ, हा तुझा बॉट आणखी कुठं कुठं बसलाय. एचआरच्या मीटिंगात? क्लायंटच्या? उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात आग लागायला नको.’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं ऑफिसात बसलो. गूगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये एक यादी असते : कुठल्या बाहेरच्या ॲप्सना तुमच्या अकाउंटमध्ये शिरायची परवानगी आहे. तुम्ही बघितलीय कधी? मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. एकतीस ॲप्स. त्यातली कितीतरी मी ‘फालतू’ म्हणून लाल केली होती, फोनमधून काढलीही होती. पण ॲप डिलीट केलं म्हणजे परवानगी जात नाही, ती वेगळी काढावी लागते. कुणाला माझं कॅलेंडर, कुणाला ड्राइव्ह, एकाला तर मेल वाचायचीही मुभा. मी शुक्रवारचा मेल सजवायला ज्यांना पाच मिनिटं वापरलं होतं, ते वर्षभर माझ्या घरात किल्ली घेऊन बसले होते.

कार्डाचं तेच. तीन टूल्सचे पैसे महिन्याला कापले जात होते. पंधरा हजारांपर्यंतच्या अशा ठरलेल्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही. बँकेचा मेसेज २४ तास आधी येतो, पण तो वाचणार कोण? मी तर टूल्स शोधण्यात बिझी!

काका मध्ये मध्ये त्यांच्या लाल वहीत लिहीत होते. मी विचारलं, आहे काय या वहीत? त्यांनी वही उघडून दिली. १९९१पासूनच्या नोकरीची नोंद होती ती. आधी लोटस १-२-३, मग फॉक्सप्रो, मग एक्सेल. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी उत्तरांच्या फायली युनिकोड आल्यावर नुसती अक्षरांची खिचडी होऊन बसल्या, त्याचीही तारीख. पण वही सॉफ्टवेअरच्या नावानं लावलेली नव्हती, कामाच्या नावानं होती. हे काम, कशात केलं, फाइल कुठं ठेवली, आणि शेवटच्या रकान्यात : तपासलं कुणी.

‘लोटस गेलं, फॉक्सप्रो गेलं,’ काका म्हणाले. ‘काम तेच आहे. लोकांनी काय सांगितलं ते नीट ऐकायचं. अवजारं बदलणारच गं. कोण ऐकतंय, ते लिहून ठेवायचं.’

‘लय भारी’ची तक्रार

तुम्ही म्हणाल, मग काका वाचले का? सांगते.

बॉसनं सोमवारी आम्हा दोघांना बोलावलं. चेहरा पडलेला होता त्याचा, पण निर्णय निर्णयच. म्हणाला, टूल लावून तर बघू. मी म्हटलं, बघू नको, तपासू. जुना एक सर्व्हे घेऊ, ज्याची उत्तरं काकांनी आधीच लावलेली आहेत. तोच टूलला देऊ आणि ताडून बघू. आयुष्यात पहिल्यांदा मी टूलची परीक्षा माझ्या कामावर घेत होते. एरवी त्यांच्याच डेमोवर भुलायची.

सर्व्हे होता प्रेशर कुकरचा, कोल्हापूर-सांगली भागातला. टूलनं चार मिनिटांत सगळी उत्तरं लावली. सॉलिड स्पीड! बहुतेक ठिकाणी बरोबरही. खोटं कशाला बोलू, ‘किंमत’ आणि ‘शिट्टीचा आवाज’ तर त्यानं काकांइतकंच चोख लावलं होतं. पण ‘तक्रार : वजन जास्त’ या गटात उत्तरांचा ढीग. काकांच्या कोडिंगमध्ये हा गट जवळपास रिकामा. आम्ही उघडून बघितलं. एक ताई म्हणाल्या होत्या, ‘कुकर लय भारी हाय.’ दुसऱ्या, ‘भारीच हाय वो.’ ते टूल आधी मराठीचं इंग्रजी करायचं आणि मग गट पाडायचं. भारी म्हणजे जड. झालं! कौतुकाची तक्रार. आणि ‘नाद खुळा’ म्हणणाऱ्या काकूंना तर त्यानं ‘नकारात्मक भावना’मध्ये टाकलं होतं.

विचार करा, ही स्लाइड क्लायंटकडे गेली असती तर? त्यानं कुकर हलका केला असता आणि लोकांनी विचारलं असतं, पहिल्यासारखा का नाही?

बॉस बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. शेवटी ठरलं ते असं : पहिला हात टूल मारेल, तपासणी काका करतील. आठवड्यातून तीन दिवस, कॉन्ट्रॅक्टवर. पैसे अर्थातच कमी. याला हॅपी एंडिंग म्हणायचं का? मला माहीत नाही. काका म्हणतात, ‘दोन दिवस नातीला मिळाले.’ मी ते ऐकते आणि गप्प बसते. कारण पूर्ण पगार गेला, त्यात माझ्या शुक्रवारच्या मेलचा वाटा आहे, आणि तो कुठल्याच सेटिंगमध्ये जाऊन काढता येत नाही.

नवी शीट

आता माझी शीट वेगळी आहे. बावीस रो. डावीकडे टूलचं नाव नाही, कामाचं नाव आहे. पुढे, त्यासाठी सध्या काय वापरतो. मग, आपला कुठला डेटा त्यात जातो आणि क्लायंटची परवानगी आहे का. मग, पैसे कधी कापले जाणार. आणि शेवटचा कॉलम काकांच्या वहीतला : ‘चुकलं तर कोण पकडणार’. तिथं माणसाचं नाव लिहावंच लागतं. ‘बघू’ चालत नाही. नाव सुचलं नाही तर ते टूल त्या कामाला लावत नाही. सिंपल!

शोधाशोध बंद झाली असं नाही हं. पण महिन्यातून एक दिवस, दोन तास. आणि नवं काही भेटलं की आधी जुन्या, उत्तर माहीत असलेल्या कामावर चालवून बघायचं. तसंही आता टूल्स आपल्याला शोधत येतात. जुलै २०२५मध्ये एअरटेलनं ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट दिलं, त्याच ऑक्टोबरमध्ये जिओनं जेमिनी प्रो १८ महिन्यांसाठी देऊ केलं, आणि नोव्हेंबरपासून भारतात चॅटजीपीटी गो वर्षभर फुकट जाहीर झालं. पूर्वीची मी तिन्ही त्याच रात्री घेऊन मेल टाकला असता. या वेळी मी कॅलेंडरमध्ये फक्त फुकटची मुदत संपायच्या तारखा लिहिल्या.

हे सगळं मी पूर्वी कुणाला सांगितलं असतं तर एखाद्यानं याहूचं उदाहरण दिलं असतं. जेरी यँग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९४मध्ये इंटरनेटवरच्या साइट्सची हातानं यादी करायला घेतली, तिचंच पुढं याहू झालं. ती डिरेक्टरी २०१४च्या शेवटी बंद झाली. सगळ्याची यादी ठेवणं त्यांनाही पुरलं नाही, तर मी कोण? आपल्या कामाची यादी मात्र ठेवता येते. ती बावीस ओळींत मावते.

शुक्रवारचा मेल अजून जातो. पण पाच टूल्स नसतात त्यात. एकच असतं, आणि खाली लिहिलेलं असतं, कुठल्या कामात वापरून बघितलं, कुठं चुकलं, आणि ते कुणी पकडलं. शेवटच्या नावापुढं बहुतेक वेळा ‘काका’ असतं. ते अजूनही प्रिंट काढून वाचतात. परवा प्रिंटवर लाल पेननं एक ओळ लिहून माझ्या टेबलावर ठेवून गेले, ‘यादी लय भारी. वजनाची तक्रार नाही.’

आणि बागू? त्याला आम्ही कामावरून काढला. कुणालाच वाईट वाटलं नाही.